गाडी कधी तापते?

परदेशी येऊन स्थिरावलेल्या आपल्या समाजातील बहुतेक घरांपुढे आज एक तरी मोटार उभी असते. कोठे कोठे दोन आणि तीनही असतात. मुंबईस असताना ज्यांनी आयुष्याची निम्मी वर्षे लोकलची दांडी धरून उभ्याने काढली, त्यांना येथे दूध आणावयाचे म्हटले तरी चाके लागतात. असे असूनही मोटारीविषयीची आपली विद्या पेट्रोल भरणे आणि कारागिराचे बिल निमूटपणे चुकते करणे यापलीकडे सहसा जात नाही. आम्हीही याला अपवाद नव्हतो. आमचा पेशा शिक्षकाचा. हातास सवय खडूची, पान्याची नव्हे. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मात्र एका जुन्या गाडीने आम्हास पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसविले. तो धडा आम्हास महागात पडला आणि त्याची खूण घरातील एका माणसाच्या हातावर कायमची राहिली. वाचकांस तरी तो स्वस्तात मिळावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आमचे चिरंजीव वीस वर्षांचे आहेत. कॉलेजच्या दोन उन्हाळी सुट्यांत काम करून साठविलेल्या पैशांतून त्यांनी १९७९ सालची एम.जी.बी. ही दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी विकत घेतली. ही गाडी इंग्लंडातील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असे. पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या व त्यांतील फार मोठा वाटा अमेरिकेने घेतला. म्हणूनच तिचे सुटे भाग येथे आजही टपालाने घरपोच मिळतात. वाचकांस ही गाडी अगदीच परकी वाटू नये म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास २०१४ पर्यंत बनत असलेली अँबॅसडर आपण सर्वांनी पाहिली आहे. लग्नाच्या वऱ्हाडात तीत दाटीवाटीने बसलोही आहोत. जुन्या अँबॅसडरचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आणि एम.जी.बी.चे १७९८ घन सेंटिमीटरचे इंजिन ही एकाच घराण्यातील अपत्ये होत. बी.एम.सी. कंपनीची 'बी सिरीज' म्हणून ते घराणे ओळखले जाते. एका भावाने जन्मभर वऱ्हाडे वाहिली, दुसरा छानछोकीत वाढला, एवढाच काय तो फरक.

जुलैमधील एका रविवारी चिरंजीव ही गाडी घेऊन न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघाले. गार्डन स्टेट पार्कवेवर उन्हाळ्यातील रविवारी जी रांग लागते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. अर्धा तास गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. तापमान दाखविणारा काटा मध्यावरून हलला, टोकास जाऊन टेकला, आणि बॉनेटच्या कडेने वाफ निघू लागली. मुलाने गाडी रस्त्याच्या कडेस घेऊन इंजिन बंद केले. इथवर त्याचे सर्व बरोबर होते. परंतु पाचच मिनिटांनी, हातात टॉवेल धरून, त्याने कूलंटच्या टाकीचे झाकण फिरविले. उकळते पाणी उसळून त्याच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत आले. तीन आठवडे हातास पट्टी होती.

मुलगा घरी बसल्यावर आम्ही गाडीच्या मागे लागलो. गाडी तापते म्हणजे रेडिएटर बिघडला असणार, असे एका शेजाऱ्याने सांगितले; म्हणून नवा रेडिएटर आणून बसविला. थर्मोस्टॅट अडकत असेल असे दुसरा म्हणाला. म्हणून थर्मोस्टॅट बदलला. तिसऱ्याच्या सांगण्यावरून पाण्याचा पंपही गेला आणि नवा आला. मुलाच्या शिलकीतील सुमारे आठशे डॉलर या मार्गाने संपले. ऑगस्टच्या आरंभी गाडी पुन्हा रस्त्यावर काढली, तो दुसऱ्याच सिग्नलच्या रांगेत काटा वर चढू लागला. आम्ही घरी येऊन निकाल दिला की, ही गाडी आता विकून टाकावी. मुलगा काही बोलला नाही. पण दोन दिवस जेवणाच्या टेबलावर त्याने मान वर केली नाही.

बाबांचा प्रश्न

आमचे वडील ८३ वर्षांचे आहेत. परळच्या रेल्वे वर्कशॉपात त्यांनी फिटर म्हणून नोकरी केली. तीन वर्षांपूर्वी आई गेल्यानंतर आम्ही त्यांना येथे आणले. येथे त्यांना करावयासारखे फारसे काही नाही. सकाळी खिडकीशी खुर्ची ओढून ते बसतात आणि अंगणात काय चालले आहे ते पाहतात. गाडीवरची आमची सारी खटपट त्यांनी याच खुर्चीवरून पाहिली होती. आम्ही त्यांना विचारले नव्हते, म्हणून ते बोलले नव्हते. गाडी विकण्याची गोष्ट कानी पडली तेव्हा मात्र त्यांनी आम्हास हाक मारली.

"अरे, विकायची तर वीक. पण आधी मला एवढं सांग, ती तापते कधी? उभी असताना की धावताना?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आठशे डॉलर खर्च झाले होते आणि हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता. मुलाने मात्र आठवून आठवून सांगितले की, मोकळ्या रस्त्यावर ५५ मैलांनी जाताना काटा मध्यावर असतो. रांगेत किंवा सिग्नलला थांबले की चढतो. पुन्हा वेग घेतला की हळूहळू उतरतो.

"मग झालं तर," बाबा म्हणाले. "धावताना तिला वारा फुकट मिळतो. उभी राहिली की वारा पंख्याने द्यायचा. पंखा आपलं काम करीत नाही, आणि तुम्ही शिक्षा केलीत पाण्याच्या पंपाला!"

अध्यापनाच्या अभ्यासक्रमात आम्हास पहिल्याच वर्षी शिकविले होते की, मुलाचे गणित चुकले तर त्यास पुन्हा पहिल्यापासून समजावीत बसू नये. तो कोणत्या पायरीवर घसरला ते आधी शोधावे. पुढे इतकी वर्षे आम्ही हे तत्त्व वर्गात पाळले, नव्या शिक्षकांसही सांगितले. घरच्या गाडीपुढे मात्र त्याचा आम्हास पूर्ण विसर पडला. प्रश्न न वाचताच आम्ही उत्तरे लिहीत सुटलो होतो.

उष्णतेचा हिशेब

बाबांच्या प्रश्नात एवढे बळ का होते, हे कळण्यासाठी इंजिन थंड कसे राहते ते थोडक्यात पाहिले पाहिजे. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यापैकी, ढोबळमानाने, एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागच चाके फिरविण्याच्या उपयोगी पडतो. जवळपास तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर जातो. उरलेली उष्णता इंजिनाच्या लोखंडात मुरते, आणि ती सतत काढून नेली नाही तर काही मिनिटांतच इंजिनाचा घात होतो. हे वाहून नेण्याचे काम पाणी करते. पंप त्यास इंजिनाच्या पोकळ्यांतून फिरवितो. थर्मोस्टॅट म्हणजे वाटेवरचा पहारेकरी; पाणी सुमारे १८० अंश फॅरनहाइट, म्हणजे ८२ अंश सेल्सिअस, तापेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि नंतर उघडतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना पाणी आपली उष्णता हवेच्या स्वाधीन करते आणि निवून परत येते.

रेडिएटरच्या आजच्या रूपाचा पाया विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने घातला. १९०० साली तयार झालेल्या पहिल्या मर्सिडीज गाडीसाठी त्याने ८०७० लहान नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बनविला. ही गाडी ज्याच्या आग्रहावरून बनली आणि ज्याच्या मुलीचे नाव तिला मिळाले, तो एमिल येलिनेक हा व्हिएन्नाचे प्रख्यात रब्बी ॲडॉल्फ येलिनेक यांचा पुत्र होता, ही गोष्ट आपल्या वाचकांस सांगितल्यावाचून राहवत नाही.

असो. रेडिएटर कितीही उत्तम असला तरी त्यातून हवा वाहिली नाही तर तो व्यर्थ आहे. गाडी ताशी ३५-४० मैलांच्या पुढे धावत असेल तर समोरून येणारा वाराच पुरेसा होतो; पंखा तेव्हा जवळजवळ बेकार असतो. वेग कमी झाला म्हणजे सारा भार पंख्यावर येतो. जुन्या गाड्यांत पंखा पट्ट्याने इंजिनासच जोडलेला असे. एम.जी.बी.मध्ये १९७७ च्या मॉडेलापासून विजेचे पंखे आले. अमेरिकेत आलेल्या गाड्यांत असे दोन पंखे रेडिएटरच्या पुढे असतात व ते हवा मागे, इंजिनाकडे, ढकलतात. पाणी ठराविक मर्यादेपलीकडे तापले म्हणजे उष्णतेवर चालणारा एक स्विच त्यांना सुरू करतो आणि पाणी निवले की बंद करतो.

खंडाळ्याचा बोरघाट ज्यांनी जुन्या काळी मोटारीने चढला असेल, त्यांना हे सर्व डोळ्यांपुढे दिसेल. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण होण्यापूर्वी, मे महिन्यात त्या घाटात प्रत्येक वळणावर बॉनेट उघडून उभी असलेली एखादी गाडी दिसे आणि ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन धावत असे. लहानपणी आम्हास वाटे, गाडी दमली. खरे कारण असे की, चढावर इंजिन पूर्ण ताकदीने ओढत असते, म्हणजे उष्णता जास्तीत जास्त. वेग मात्र ताशी दहा-पंधरा मैल, म्हणजे वारा कमीत कमी. जमा अधिक आणि खर्च उणा झाला की उष्णतेचा साठा वाढणारच. पार्कवेवरील रांगेत चढण नसते, परंतु खर्चाची बाजू अशीच लंगडी पडते.

तपासणी

पुढच्या रविवारी बाबांची खुर्ची खिडकीतून उचलून अंगणात आली. तपासणी त्यांनी सांगितली व आम्ही दोघांनी केली. ती क्रमाने देतो, कारण विजेचा पंखा असलेल्या कोणत्याही जुन्या गाडीस ती थोड्याफार फरकाने लागू पडेल.

पहिली गोष्ट, काटा खरे बोलतो की नाही ते पाहावे. त्या काळच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत या काट्यास मोजका वीजपुरवठा करणारे एक लहान उपकरण असते. ते बिघडले तर इंजिन थंड असूनही काटा वर चढतो. दुरूनच तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आता वीस-पंचवीस डॉलरांत मिळतो. थर्मोस्टॅट ज्या डबीत बसतो तिच्यावर तो रोखून पाहिला. आमचा काटा खरे बोलत होता.

दुसरी गोष्ट, इंजिन बंद व थंड असताना किल्ली चालू स्थितीत ठेवून, उष्णतेच्या स्विचवरील दोन तारा काढून त्या एकमेकींस जोडाव्या. पंखा जोराने फिरला तर दोष स्विचचा. न फिरला तर दोष अन्यत्र. आमचा एक पंखा आजाऱ्यासारखा हळूहळू फिरू लागला, दुसरा हललाच नाही. बाबांनी मान डोलावली.

तिसरी गोष्ट, फ्यूज पाहावा. तो नुसता शाबूत असून भागत नाही, त्याची टोके व बैठक घासून स्वच्छ करावी. काही गाड्यांत मध्ये रिले असतो, तोही पाहावा.

चौथी आणि आमच्या बाबतीत निर्णायक गोष्ट म्हणजे व्होल्टेज. मीटर लावला तेव्हा बॅटरीपाशी बारा व्होल्टांहून थोडे अधिक दिसत होते आणि पंख्यापाशी जेमतेम आठ. चार व्होल्ट वाटेत कोठेतरी गळत होते. शोधता शोधता अर्थिंगची तार गाडीच्या पत्र्यास जेथे जोडलेली होती, तेथे गंजाचा पापुद्रा आणि हिरवट कीट सापडले. पंख्यांच्या प्लगांतील पितळी टोकेही जळून काळी पडली होती. हा दोष कारखान्याचा नव्हे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या पावसाचा आणि रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठाचा. पत्रा घासून चकचकीत केला, अर्थिंग पुन्हा घट्ट बसविले, जुने प्लग कापून नवे लावले. तारा जोडताच दोन्ही पंखे असे घोंघावले की, मुलाने आनंदाने टाळी वाजविली.

पाचवी गोष्ट, स्विच आणि थर्मोस्टॅट ही दोन्ही पाण्यात तापवून पाहता येतात. पातेल्यात पाणी घेऊन, त्यात थर्मामीटर धरून, हळूहळू तापवीत न्यावे. थर्मोस्टॅट कोणत्या अंशावर उघडतो आणि स्विच कोणत्या अंशावर जोडतो ते स्पष्ट कळते. शाळेतील मुलांस दाखविण्यासारखा हा प्रयोग आहे. मात्र त्यासाठी घरातील मांसाच्या वा दुधाच्या कोणत्याही पातेल्यास हात लावू नये. कूलंट विषारी असते. आम्ही जुन्या सामानाच्या दुकानातून एक पातेले आणले, ते आता गॅरेजातच राहते.

उलट फिरणारा पंखा

एवढे झाल्यावर गाडी अंगणात उभी ठेवून इंजिन चालू केले. पंधरा मिनिटे काटा मध्यावर राहिला. मग पंखे सुरू झाले, आणि काटा खाली येण्याऐवजी वर चढू लागला! विसाव्या मिनिटास आम्ही इंजिन बंद केले. मुलाचा चेहरा पाहवेना. आमच्या तोंडी पुन्हा गाडी विकण्याचे शब्द आले होते. ते आम्ही गिळले.

बाबा काठी टेकीत गाडीपुढे आले. त्यांनी नाक पुसण्याच्या कागदाची एक पट्टी फाडून घेतली, आम्हास पंखे पुन्हा सुरू करावयास सांगितले आणि ती पट्टी गाडीच्या पुढच्या जाळीसमोर धरली. हवा आत जात असती तर पट्टी जाळीकडे ओढली गेली असती. ती उलट आमच्या तोंडाकडे फडफडू लागली.

पंखे उलटे फिरत होते. अशा मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल झाली की ती विरुद्ध दिशेने फिरते. जुने प्लग कापताना एक तार काळी आणि दुसरी हिरव्या रेघेची काळी होती. मळामुळे दोन्ही सारख्याच दिसत होत्या. ओल्या फडक्याने पुसून पाहण्याचे कष्ट आम्ही घेतले नव्हते. परिणामी पंखे इंजिनाची तप्त हवा रेडिएटरमधून पुढे ओढीत होते. गाडी धावू लागली असती तर तेच पंखे समोरच्या वाऱ्याशी झुंजत बसले असते. न फिरणारा पंखा बरा, पण उलट फिरणारा नको, अशी ही अवस्था.

तारा बदलल्या. बाबांनी पट्टी पुन्हा धरली, ती जाळीस जाऊन चिकटली. त्या दुपारी बाहेर ९२ अंशांचा उन्हाळा होता. गाडी ४० मिनिटे जागीच चालू ठेवली. बाबा मांडीवर वही घेऊन दर पाच मिनिटांनी तापमान लिहीत होते. पंखे लागत, पाणी निवे, पंखे बंद होत. काटा मध्यापासून फारसा हलला नाही. त्या दिवशी या कामास लागलेला खर्च म्हणजे दोन प्लग आणि पॉलिश कागदाचा एक तुकडा.

धावताना तापली तर

आमची गाडी उभी असताना तापत होती, म्हणून आमचा रोग पंख्यात निघाला. वाचकांपैकी एखाद्याची गाडी मोकळ्या रस्त्यावर, भर वेगात तापत असेल तर पंख्यामागे लागण्यात अर्थ नाही. अशा वेळी आधी कूलंट पुरेसे आहे का ते पाहावे. मग रेडिएटर आतून क्षारांनी किंवा बाहेरून किडे-कचऱ्याने चोंदला आहे का, थर्मोस्टॅट पूर्ण उघडतो का, पट्टा घसरतो का, आणि खालची रबरी नळी वेगात आत चेपली जाते का, हे तपासावे. इग्निशनचे टायमिंग मागे पडले असेल किंवा कार्ब्युरेटर पेट्रोल कमी व हवा अधिक देत असेल तरीही इंजिन तापते. हाताने हलवून पाहिल्यावर एखादे चाक जड वाटले तर ब्रेक चिकटला आहे असे समजावे. तो बिचारा भार इंजिनासच ओढावा लागतो.

याहून निराळा एक प्रकार आहे. गाडी उभी असो वा धावो, कूलंट कोठेही न सांडता कमी होत असेल, टाकीत सारखे बुडबुडे येत असतील आणि मागून गोडसर वासाचा पांढरा धूर निघत असेल, तर हेड गॅस्केट फाटल्याचा संशय घ्यावा. अशी गाडी चालवू नये. थेट कारागिराकडे न्यावी.

रस्त्यातच काटा चढू लागला तर काय करावे? एअर कंडिशनर असल्यास बंद करावा आणि खिडक्या उघडून हीटर पूर्ण चालू करावा. ऐन उन्हाळ्यात हा सल्ला वेडगळ वाटेल. परंतु हीटर म्हणजे एक लहानसा रेडिएटरच होय, आणि तो इंजिनाची काही उष्णता आपल्या अंगावर घेतो. तरीही काटा थांबला नाही तर गाडी सुरक्षित जागी कडेस लावून इंजिन बंद करावे.

झाकणाविषयी

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहिला ती. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. ते साधे झाकण नव्हे. आतील पाण्यास दाबाखाली कोंडून ठेवणारी ती झडप आहे. दाबाखाली पाणी १०० अंशांस उकळत नाही. चौदा-पंधरा पौंडांच्या झाकणाखाली ते सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तसेच राहते. झाकण फिरताच दाब एकाएकी नाहीसा होतो आणि त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होऊन उरलेल्यास बाहेर फेकतो. घरातील प्रेशर कुकरचे झाकण शिट्टी चालू असताना कोणी उघडीत नाही. मग गाडीचे का उघडावे? निदान पाऊण तास थांबावे. वरची रबरी नळी हाताने सहज धरता व दाबता आली तरच झाकणास हात लावावा, तोही जाड फडके घेऊन, तोंड दूर ठेवून, हळूहळू. हात भाजलाच तर तो नळाच्या थंड पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांपैकी काहीही लावू नये. फोड आले असतील तर डॉक्टरांकडे जावे.

मुंबईच्या सवयीने नळाचे पाणी ओतून वेळ भागविणारेही आपल्यात आहेत. घाटात ते ठीक होते. येथे हिवाळ्यात ते पाणी गोठून इंजिनाचे लोखंड फोडू शकते. निम्मे अँटिफ्रीझ व निम्मे शुद्ध केलेले पाणी हे मिश्रण उणे ३४ अंश फॅरनहाइटपर्यंत गोठत नाही. मात्र हा द्रव चवीस गोड आणि अत्यंत विषारी असतो. लहान मुले आणि कुत्री-मांजरे यांपासून तो कटाक्षाने दूर ठेवावा. विजेचे पंखे काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होतात. म्हणून तेथे हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी. बंद गॅरेजात इंजिन कधीही चालू ठेवू नये.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मुलगा पुन्हा समुद्राकडे निघाला. गाडी दोनच आसनांची. शेजारच्या आसनावर बाबा बसले, मांडीवर वही होती. आम्ही उभयता आमच्या गाडीतून मागे होतो. पार्कवेवर अपेक्षेप्रमाणे रांग लागली आणि पंचवीस मिनिटे हलली नाही. पुढच्या गाडीत काय चालले आहे ते आम्हास दिसत नव्हते. तिच्यातून वाफ निघत नाही एवढेच दिसत होते. किनाऱ्यावर उतरल्यावर बाबांनी वही पुढे केली. एकाखाली एक सहा आकडे मराठीत लिहिले होते आणि शेवटी रेघ मारून "ठीक" असा शेरा होता.

नातवास मराठी समजते, बोलता मात्र येत नसे. आजोबांस इंग्रजी वाचता येते, येथील उच्चार कळत नाहीत. त्यामुळे तीन वर्षे एका घरात राहूनही दोघांचे बोलणे जेवणाखाण्यापुरतेच होते. त्या चार रविवारांत मुलाने घट्ट, ढिला, गंज, तार आणि उलट असे पाच शब्द उचलले. आता घरात काहीही चालेनासे झाले की तो आधी खिडकीपाशी जातो आणि विचारतो, "आजोबा, उलट?" हातावरचा डाग अजून आहे, तो राहणार. जुना, निर्दोष रेडिएटरही गॅरेजातील भिंतीशी टेकून उभा आहे. तो आम्ही मुद्दामच फेकलेला नाही.

वाचकांस एवढीच विनंती की, गाडी कारागिराकडे नेण्यापूर्वी एका कागदावर तीन ओळी लिहाव्या: ती उभी असताना तापते की धावताना; किती वेळाने तापते; आणि तापल्यावर पंखा फिरतो की नाही. या तीन ओळींनी कारागिराचे काम सोपे होईल आणि आपले पैसे वाचतील. आणि घरात एखादे वडीलधारे माणूस खिडकीशी बसलेले असेल, तर त्या ओळी आधी त्यास वाचून दाखवाव्या.